मोघेकाकूंचा खलबत्ता

मोघेकाकूंचा खून ज्या स्वयंपाकघरात झाला ते स्वयंपाकघर मी, पोलीस यायच्या आधी, फिनाइल घालून धुऊन काढलं. नुसतं पाणी मारलं असं नाही. खराट्याने कोपरे खरवडले, मोरीच्या जाळीत अडकलेलं हाताने काढलं आणि शेवटी जुन्या धोतराच्या फडक्याने फरशी कोरडी केली. एरवी घरी स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवायचं माझ्या जिवावर यायचं. जन्मात एकच काम मी कुणी न सांगता, मनापासून आणि वेळेत केलं, ते हे.

आमचा कारखाना भोपाळचा, पण आम्ही स्वतःला भोपाळचे समजत नव्हतो. शहरात जायचं झालं तर आई "भोपाळला जाऊन येते" म्हणायची, जणू मध्ये दोन जंक्शनं लागतात. माळ सपाट करून सरकारने एकाच नकाशावरची घरं रांगेने उभी केली होती. चार क्वार्टरांची एक रांग, पुढे रस्ता, मागे गल्ली. पुढचं दार पाहुण्यांसाठी आणि मागचं बाकी सगळ्या जगासाठी: दूधवाला, भाजीवाली, भंगारवाला, शेजारणी, मांजरं. दिवसा मागचं दार लावून घेतलं तर शेजारी विचारायला यायचे, "तब्येत बरी आहे ना?" म्हणून ते सताड उघडं. मोघ्यांचा क्वार्टर आमच्या भिंतीला लागून. मोघेकाका कारखान्यात टेस्टिंगला होते. बुटके, अबोल, सायकलवरसुद्धा अंग चोरून बसणारे. काका कधी घरात आहेत आणि कधी नाहीत हे भिंतीपलीकडून कळायचं नाही. काकू आहेत हे मात्र चौथ्या क्वार्टरपर्यंत कळायचं, कारण काकूंचा खलबत्ता.

तो लोखंडी खलबत्ता त्यांनी नागपूरहून मांडीवर ठेवून आणला होता, असं त्या सांगत. मिक्सर नावाची वस्तू तेव्हा टाउनशिपमध्ये मोठ्या साहेबांच्या बंगल्यांतच होती. दुपारची जेवणं उरकून, पुरुष सायकली मारत कारखान्यात परतले की काकू ओट्यापाशी उभ्या राहून कांडायला लागायच्या. शेंगदाण्याचं कूट असेल तर आवाज जड आणि ओला. जवस असेल तर करकरीत. आमची आई भिंतीला पाठ लावून पडलेली असायची आणि डोळे न उघडता सांगायची, "आज तीळ आहेत." संध्याकाळी मागच्या दाराने वाटी यायची, आणि खरोखर तिळाची चटणी असायची. मी त्या घरी भाजणीच्या थालीपिठावर पोसलो आहे. काकूंना मूल नव्हतं, मला लाज नव्हती, असं ते जमलं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला मात्र भिवापुरी मिरच्या यायच्या. काकूंनी मिरच्या कांडायला घेतल्या की रांगेतले चारही क्वार्टर एकदम खोकायला लागायचे. बाळं रडायची, म्हातारे उठून रस्त्यावर यायचे, आमचे बाबा सुट्टीचा पेपर घेऊन थेट नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, पुलियावर, जाऊन बसायचे. पलीकडचे तिवारीजी गमछा नाकाला लावून ओरडायचे, "भाभीजी, आज फिर गैस छोड़ दी!" काकू आतून हसत म्हणायच्या, "डिब्बा भरके देती हूँ ना भाईसाब, सहन करो!" पुढे या गावात तो विनोद करायची कुणाची छाती राहिली नाही. पण ही त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. तेव्हा खोकला आला की भोपाळात लोक हसत असत.

आता मी धुवायला गेलोच का, ते सांगतो. आम्हा मराठी लोकांचं तिथे रक्ताचं कुणी नव्हतं. काका-मामा सगळे नागपूर, अमरावती, पुण्याला. घरात माणूस गेलं तर खांदा द्यायला कोण, मडकं आणायला कोण? म्हणून आमच्या मराठी मंडळाने गणेशोत्सव समिती आणि स्नेहसंमेलन समितीच्या जोडीला एक दुःखद प्रसंग समिती काढली होती. तिचं काम ठरलेलं. कुणी गेल्याचा निरोप आला की एकाने बांबू आणायचे, एकाने नागपूरला ट्रंक कॉल लावायचा, एकाने शाळेतून सतरंज्या उचलायच्या, आणि माणूस घराबाहेर नेल्याबरोबर घर धुऊन, दिवा लावून, चहाचं आधण ठेवायचं. नातेवाईक रात्रीच्या गाडीने उतरतात, त्यांना घर कसं लख्ख दिसलं पाहिजे. मी बी. एस्सी.ला दुसऱ्यांदा आपटलो होतो, त्यामुळे दिवसभर मोकळा, आणि म्हणून एकोणिसाव्या वर्षी त्या समितीचा कार्यवाह. मंडळाचे सेक्रेटरी लिमये लोकांना माझी ओळख करून द्यायचे, "हा आपला शरद. परीक्षेत नाही, पण मर्तिकात पहिला."

त्या दिवशी दुपारभर मी मंडळाच्या हॉलवर नाटकाच्या तालमीसाठी खुर्च्या लावत होतो. काका नेहमीसारखे जेवायला घरी आले, जेवले, परत गेले. संध्याकाळच्या भोंग्याला सुटून मागच्या दाराने आत शिरले तेव्हा काकू ओट्याखाली पालथ्या पडल्या होत्या. स्टूल आडवं, फळीवरचा डबा खाली, पोहे सांडलेले, आणि पोह्यांखाली रक्त. काकांची हाक आमच्या आईने ऐकली. ती सांगायची, इतक्या वर्षांत त्या माणसाचा मोठा आवाज तिने तेव्हा पहिल्यांदा ऐकला. कारखान्याच्या दवाखान्याची गाडी आली. काकू गेलेल्याच होत्या. तिथल्या पोरगेल्या डॉक्टरने स्टुलाची हकीकत ऐकली आणि मान हलवली. स्टुलावरून पडल्या, ओट्याची कड डोक्यात बसली. सकाळी रीतसर तपासणी होऊन ताब्यात मिळतील. सगळ्यांना पटलं. पडून मरणं हे आमच्या समितीच्या ओळखीचं मरण होतं.

मी झाडू, बादली, फिनाइलची बाटली घेऊन हजर झालो. काका पुढच्या पायरीवर बसले होते. पायात एकच चप्पल. मी वाकून म्हणालो, "काका, आत धुऊन घेऊ?" त्यांनी मान हलवली. हलवली म्हणजे, ती हललीच. मी ती होकाराची धरली आणि आत गेलो.

पोहे गोळा केले. फरशी धुतली. ओट्यावर कोपऱ्यात खलबत्ता जिथल्या तिथे उभा होता, बत्ता खलात ठेवलेला, जसा काकू ठेवायच्या. उचलून पाहिलं तर बत्त्याच्या टोकाला लालसर तपकिरी काहीतरी वाळून बसलेलं. तिखट असणार. एवढ्या लोकांचा चहा याच ओट्यावर होणार आणि कडेला खरकटा खलबत्ता? मी तो राख आणि नारळाच्या शेंडीने घासला, धुतला, पुसला आणि मांडणीवर पालथा घातला. काकूंच्या हातीसुद्धा तो इतका चमकला नसेल. मग लिमयेकाकूंनी काकू पडल्या त्या जागी दिवा लावला, बाजूला पीठ पसरून वर टोपली झाकली. गेलेला जीव पुढे कुठल्या जन्माला जातो त्याचं पाऊल त्या पिठावर उमटतं म्हणतात. "फार सुरेख आवरलंस रे," त्या मला म्हणाल्या. त्यानंतर माझ्या कुठल्याही कामाला त्या घराण्यातून शाबासकी मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून काकू आल्या नाहीत, पोलीस आले. डोक्यावर घाव एकाहून जास्त होते आणि सगळे मागून. ओटा काही माणसाच्या मागे फिरून पुन्हा पुन्हा मारत नाही. ठाणेदार आत शिरले, दारातच थांबले आणि नाक वर करून हुंगायला लागले. त्यांच्या मागून एक हवालदार घाईने आला तो सरळ टोपलीवर. टोपली उलटली, दिवा विझला आणि पिठावर बुटाचा ठसा उमटला, टाचेच्या खिळ्यांसकट. लिमयेकाकूंनी किंकाळी फोडली. बाहेर कुणीतरी पुटपुटलं, "झालं, काकू पुढच्या जन्मी हवालदार." हसू दाबणाऱ्यांत मीही होतो. ते कोण पुटपुटलं होतं हे विचारू नका.

ठाणेदारांची नजर ओट्यावरून मांडणीवर गेली. बारीक दाणा निवडावा तसे ते एकेक भांडं बघत होते. मग म्हणाले, "ये इतना चमक क्यों रहा है?"

"मैंने माँजा है, साब," मी पुढे होऊन म्हणालो. माझ्या आवाजात अभिमान होता. तो अभिमान मला आजही ऐकू येतो.

नंतर कुत्रा आणला. त्याला काकूंच्या पदराचा वास दिला. तो स्वयंपाकघरात गेला, फिनाइलचा भपकारा लागल्याबरोबर ओळीने शिंकला आणि बाहेर येऊन, जमलेल्या साऱ्या कॉलनीच्या मधून वाट काढत, माझ्यासमोर येऊन बसला. मी त्या बाटलीत अंघोळ केल्यासारखाच होतो. ठसे घेणारा माणूस पावडर मारून गेला. खलबत्त्यावर ठसे मिळाले, स्वच्छ आणि भरपूर. सगळे माझे.

मला जीपमध्ये घातलं तेव्हा बाबा पुलियावर उभे होते. माझ्या पाठोपाठ ते सायकल मारत ठाण्यात आले आणि दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिले. आत ठाणेदारांनी मला हातही लावला नाही. चहा दिला. मग विचारलं, "किसने बोला था धोने को?"

मला त्यांना समिती समजावून सांगता येईना. दुःखद प्रसंग, सतरंज्या, नागपूरची गाडी, सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा होता तसाच होता. "इतना सब अपने मन से? किसी से पूछा भी नहीं?"

आणि मी म्हणालो, "पूछा था साब. काका से पूछ के ही धोया."

खरं तेच बोललो. शब्दही खोटा नव्हता. ठाणेदारांनी पेन उचललं, आणि माझ्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलंही नाही. खुर्च्या लावताना मला अर्ध्या मंडळाने पाहिलं होतं, त्यामुळे मी अंधार पडायच्या आत सुटलो. मी बाहेर येत होतो तेव्हा मोघेकाकांना आत नेत होते. त्यांच्या दोन्ही पायांत चपला होत्या, पण एक कुणा दुसऱ्याची.

परतताना बाबा सायकल हातात धरून चालत होते. मी झालेलं सांगितलं. पुलियापाशी ते थांबले. मग म्हणाले, "तू विचारलंस, ते त्यांनी ऐकलं होतं का?"

"मान हलवली त्यांनी."

"मी ते विचारत नाहीये."

काकांना काही दिवस ठेवलं आणि सोडून दिलं. सिद्ध काहीच होत नव्हतं. घरातून काही गेलं नव्हतं, ते काकांच्या विरुद्ध. मागचं दार उघडं होतं, ते काकांच्या बाजूने. पण ते सगळ्यांचंच उघडं असायचं. पोलिसांनी आमच्या आईला विचारलं, दुपारी काही ऐकलंत? तिने सांगितलं, भिंतीपलीकडून बत्त्याचा आवाज आला होता, नेहमीसारखा. ठाणेदारांनी पुढचा प्रश्न टाकला: "भोंगे के पहले, कि बाद में?" सगळं तिथे येऊन अडलं. पुरुषांना कारखान्यात परत बोलावणारा दुपारचा भोंगा. आवाज त्याच्यानंतरचा असेल तर काका तेव्हा सायकलवरून फाटकाच्या आत गेलेले. आधीचा असेल तर घरात. आणि माझी आई, जिने सारा संसार त्या भोंग्यावर रेटला, तांदूळ भोंग्याला धुतले, मला भोंग्याला उठवलं, तिला तो आठवेना. जो रोज वाजतो तो ऐकू कुठे येतो? "याद नहीं," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडली.

मला कॉलनीत नाव पडलं ते फिनाइल. "क्यों बे फिनाइल, कहाँ साफ करने चला?" तिवारीजींचा पोरगा भर बाजारात ओरडायचा. माझं तेवढ्यावर भागलं. काकांना कुणी नाव ठेवलं नाही, नुसतं वगळलं. गणपतीच्या आरतीचं ताट त्यांच्यापर्यंत येता येता वळायचं. ते कँटीनला बसले की टेबल हळूहळू रिकामं व्हायचं. मंडळात एक वाक्य फिरायचं, "नवऱ्यानेच घर धुऊन घेतलं म्हणे, रात्रीच्या रात्री." 'म्हणे'च्या मागे मी होतो. माझं खरं वाक्य त्या माणसाच्या पाठीवर कॉलनीने गोंदवून टाकलं होतं, आणि मी मंडळात उभा राहून एकदाही म्हणालो नाही की मान नुसती हलली होती.

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या रांगेत कुणीतरी मिरच्या कांडत होतं. वाऱ्यावर तो ठसका आमच्याकडे आला, बाबा खोकले, मी खोकलो. आई पोळ्या लाटता लाटता थांबली. "शरद, तू त्या बत्त्यावरचं तिखट धुतलंस म्हणालास ना?"

"हो."

"तुला ठसका लागला होता?"

तिने लाटणं खाली ठेवलं. मी आठवून पाहिलं. ओल्या बत्त्यावर नाक खुपसून मी जोर लावून घासत होतो. हात झोंबले नव्हते. डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. "आणि आवाज आला त्या दुपारी या रांगेत कुणी खोकलं नाही," आई म्हणाली. "मी इथे पडून ऐकत होते. मला वाटलं, दाणे असतील." त्यानंतर ती दुपारी त्या भिंतीला पाठ लावून कधी पडली नाही. त्या घरात शिंकला तो फक्त कुत्रा. आम्ही सगळे तिखटाच्या वासावर वाढलेलो, आणि बत्त्यावर तिखट नव्हतंच, ही साधी गोष्ट कळायला आम्हाला वर्ष लागलं.

हल्ली माझी नात कानात ती बोंडं घालून जुने, न उलगडलेले खून ऐकत असते. कोलार रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये, भाजी चिरता चिरता. परवा म्हणाली, "आजोबा, विचार करा ना, पोलीस यायच्या आधी कुणीतरी सगळं साफ करून टाकलं. कोण असेल इतका मूर्ख?" मी तिला म्हटलं, कोथिंबीर आण. ज्याने बत्ता पुन्हा खलात नीट उभा करून ठेवला, तो कोण, हे मला आजही माहीत नाही. कुणाला ओट्यावरची ती जागा ठाऊक होती, की हात आपोआप तिकडे गेला? मोघेकाकांनी आयुष्यात बत्ता हातात धरल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. आमच्या पिढीचे बाप स्वयंपाकघरात पाणी प्यायला सुद्धा जात नसत. त्यांचे ठसे त्यावर नसते तर ते संशयातून सुटले असते. असते तर, तेही कळलं असतं. मी दोन्ही शक्यता राखेने घासल्या.

आईच्या शेवटच्या आजारात ती एका सकाळी एकदम म्हणाली, "झाला होता रे. भोंगा झाला होता. मी कूस बदलली होती." आठवलं, की बरोबर न्यायला काहीतरी चांगलं हवं होतं, देव जाणे. तिचे दिवस झाल्यावर मी बाग सेवनिया वस्तीत गेलो. निवृत्तीनंतर काकांनी तिथे छोटं घर बांधलं होतं. नव्वदीला टेकले होते, पण स्वतःचा चहा स्वतः करत. मला पाहून दार पूर्ण उघडलं, बाजूला सरले आणि आत जाऊन आधणात दुसरा कप वाढवला. मागचं दार आतून कडी घालून बंद होतं, भर दुपारी.

मी आईचा निरोप सांगितला. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्यायला. मग म्हणाले, "वहिनींना आठवायला जरा उशीर झाला."

मी धीर केला. "काका, त्या संध्याकाळी तुम्ही पायरीवर बसला होतात. मी विचारलं, आत धुऊन घेऊ का. तुम्ही ऐकलं होतं?"

ते माझ्याकडे खूप वेळ बघत राहिले. राग नव्हता. लांबचा बोर्ड वाचताना माणूस डोळे बारीक करतो, तसं काहीसं. "तू विचारलं होतंस?" ते म्हणाले. "मला ठाण्यात सांगितलं त्यांनी, की मी हो म्हणालो. तेव्हा मला कळलं, घर धुतलं म्हणून."

पंखा आवाज करत फिरत होता. ते हो म्हणाले असते तर मी सुटलो असतो, हे तिथे बसल्यावर माझ्या ध्यानात आलं. मी तेवढ्यासाठीच आलो होतो, निरोपाचं निमित्त करून. शरमेने काय करावं सुचेना म्हणून उठलो, त्यांची कपबशी उचलली, माझी तिच्यावर ठेवली आणि समितीच्या जुन्या सवयीने मोरीकडे वळलो.

"शरद," काका मागून म्हणाले, "ठेव ते खाली. तू धुतलंस की मागे काही उरत नाही."